अक्का, चेहरा काढलाच नव्हता

अक्का, सलाम.

आधी कबुली, मग बाकीचं. गेल्या दीड वर्षात रविवारच्या उपासनेसाठी मी जेवढी चित्रं केली, त्यांतल्या एकातही प्रभूचा चेहरा नाही. तुम्ही दर शनिवारी फोनवर विचारायचात, चेहरा काढलास ना? आणि मी म्हणायचो, काढला. नाही काढला, अक्का. पाठमोरा काढला, सावलीत काढला, एकदा तर दारातून नुसता हात आत आलेला दाखवला आणि बाकीचा माणूस भिंतीपलीकडे ठेवून दिला. तुमच्या डोळ्यांना कडेचं दिसायचं, मधलं दिसत नव्हतं, म्हणून हे खपून गेलं. दिसत असतं तर पहिल्याच रविवारी सगळ्या मंडळीदेखत माझा कान पिरगळला असतात, माझ्या वयाचा मुलाहिजा न ठेवता.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. आपल्यात दहावं-तेरावं नाही, त्यामुळे कुठल्या दिवशी काय करायचं ते ठरलेलं नसतं. माणूस उठतो आणि कामाला जातो. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मीही जळगावला दुकानात जाऊन बसलो. समोर वाढदिवसाचा फ्लेक्स होता, छत्तीस चेहऱ्यांचा. साहेबांचा सगळ्यात मोठा, भाऊंचा त्याहून बोटभर लहान, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाला गोरं करून द्यायचं, कुणाच्या टकलावर केस लावून द्यायचे. दुपारपर्यंत छत्तीसच्या छत्तीस बसवून मोकळा झालो. पोट भरायला दिवसभर चेहरेच बसवतो मी, आणि ज्याचा बसवायचा त्याच्याच वेळी हात आखडतो. तुम्ही मला भित्रा म्हणायचात, ते उगाच नाही.

चित्राचा नाद तुम्हीच लावलात, हे नाकारून चालणार नाही. धरणगावच्या आपल्या चर्चमागच्या खोलीत दर रविवारी तुमची शब्बाथशाळा भरायची, पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगायची. तुमच्याकडे हिरव्या फ्लॅनेलचा एक बोर्ड होता आणि कागदी माणसं होती, पाठीला फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेली. बोर्डावर ठेवली की चिकटायची. गोरा प्रभू, गोरे शिष्य, निळ्या डोळ्यांच्या मेंढ्या. मेंढ्यांचे डोळे निळे कसे, असं मी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, परदेशातून छापून आल्यात, तू गप बस. पुढे एका पावसाळ्यात प्रभू उंदरांनी खाल्ला. आता दुसरी कुणी बाई असती तर तिनं महिनाभर गोष्टी बंद ठेवल्या असत्या. तुम्ही पुढच्या रविवारी शिष्यांतल्या पेत्राला प्रभूच्या जागी उभा केलात आणि पेत्राच्या जागी दुसरा शिष्य योहान आला. आम्हा पोरांना कळलंसुद्धा नाही. मोठेपणी मी तुम्हाला त्यावरून चिडवलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की तोंड कुणाचं का असेना, पण तोंड लागतं. पोरं तोंडाकडे बघून ऐकतात. ते वाक्य मी तेव्हा गमतीत काढलं.

मी टॅबवर चित्रं काढायला लागलो तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं होतं. भक्तीचं काम म्हणजे मेहनतीचं काम, हे बोटं फिरवून झालेलं चित्र कसलं, उद्या मशीन बिघडलं की प्रभू गायब. तुम्ही मला घरी बोलावून घेतलंत आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी चौकशी केलीत. रंग कुठं असतो? हाताला लागत नाही? चुकलं तर? मी लेअर म्हणजे काय ते सांगायला लागलो आणि मलाच सांगता येईना. शेवटी म्हटलं, तुमच्या फ्लॅनेलच्या बोर्डासारखंच आहे, मागे डोंगर, त्यावर घर, त्यावर माणसं, एकावर एक ठेवायची आणि हवी तेव्हा उचलायची. तुम्ही लगेच म्हणालात, मग हे मी चाळीस वर्षं करतेय की. आणि बैठकीत जाऊन तेच सांगून आलात. चर्चच्या भिंतीवर टीव्ही लागला तो तुमच्यामुळे. माझं पहिलं चित्र त्यावर दिसलं तेव्हा मला रडू आलं होतं. आज सांगतो, तेव्हा शिंक आल्याचं सांगितलं होतं.

मग आपली रीत पडून गेली. शनिवारी सकाळी तुमचा फोन. उद्याचा पाठ अमुक, त्यात माणसं किती, वेळ कुठली, कोण रागावलंय, कोण भुकेलंय. मी दुकानातलं काम उरकून संध्याकाळपर्यंत चित्र करायचो. प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला ते काना गावचं लग्न आपल्या गल्लीतल्या मांडवात झालं, पाण्याच्या रांजणांऐवजी निळे ड्रम. प्रभूनं पाच हजार माणसांना घातलेलं जेवण केळीच्या बागेत, भरीत पार्टीसारखं, पानांवर वाढलेलं. उडीद मिसळलेल्या कळण्याची भाकरी काढली तर तुम्ही म्हणालात, नुसत्या ज्वारीची का नाही? त्यावर आपली आठवडाभर जुंपली होती. त्या सगळ्या चित्रांत चेहरा होता, बरं का. तेव्हा मी काढत होतो.

तुमच्या डोळ्यांचं कळलं ते धुळ्याला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पडद्याचा मधला भाग सुकलाय, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. मला वाटलं, हे तुम्हाला कसं सांगावं. परतीच्या बसमध्ये पारोळा आलं तेव्हा तुम्हीच बोललात. म्हणालात, झाडं दिसतात, खिडकी दिसते, तुझा सदरा दिसतो. माणसाकडे बघितलं की नेमकं तोंड तेवढं पुसून जातं. कंडक्टर आवाजावरून कळला. मग पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिलात, जणू डोळे माझेच गेले होते. मी तो खाल्ला. तुमच्याशी खोटं बोलायची सवय तेव्हा लागलेली नव्हती.

ती लागली पुढच्या पवित्र गुरुवारनंतर. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून एकदा ऐका. प्रभू शिष्यांचे पाय धुतो ते चित्र करायचं होतं. रावेरकडे एका केळीच्या बागेत गेलो असताना मी ट्रक भरणाऱ्या माणसांचे फोटो काढून ठेवले होते. त्यांत एक जण घड उतरवून खाली बसला होता, खांद्यावर टॉवेल, मान खाली, आणि चेहरा असा की दिवसभर राबूनही कुणावर राग नाही. मला हवा तो चेहरा आयता मिळाला. तसाच उतरवला. त्याच्यापुढे परात ठेवली, पाय ठेवले, आणि स्वतःवरच खूश झालो.

उपासनेत चित्र टीव्हीवर आलं आणि रूथबाई उठून गेल्या. अंगणवाडीतल्या मदतनीस रूथबाई, दोन मुली एकटीनं वाढवणाऱ्या. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पाळकसाहेब पाठ वाचायचे थांबले. रूथबाईंचा नवरा आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता, रावेरकडे त्यानं दुसरं घर केलं होतं. हे मला ऐकून माहीत होतं, पण तो चर्चकडे फिरकायचा नाही, त्यामुळे माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. ज्या नवऱ्यानं बाईला टाकलं त्याला मी प्रभू करून भिंतीवर लावला होता, आणि तेही दुसऱ्यांचे पाय धुताना. जमीन दुभंगून पोटात घ्यावं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पहिल्या बाकावरून मान तिरकी करून सगळ्यांना विचारत होतात, काय झालं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, प्रभूच्या क्रुसाचा दिवस. दुपारची उपासना आटोपल्यावर तुम्ही माझा हात धरून मला त्यांच्या घरी नेलंत. खरं म्हणजे मी तुम्हाला नेत होतो, पण दाराशी मागे सरकलो तेव्हा ढकललंत तुम्ही. मी माफी मागितली. वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती अर्ध्यातच संपली. रूथबाईंनी चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाल्या, "चांगलं काढलंय, सुहासभाऊ. त्याचं तोंड चांगलंच होतं." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी सावरलो असतो.

परतताना मी तुम्हाला सांगून टाकलं की यापुढे चेहरा काढणार नाही. आपल्याकडे चेहरा म्हटला की तो कुणाचा तरी असतो. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाला फसवणारा, कुणाला छळणारा. गावात मोकळा चेहरा शिल्लक आहे कुठं? तुम्ही चालता चालता थांबलात. एरवी शाळेतलं मराठी बोलणाऱ्या तुम्ही, चिडलात की पारोळ्याकडच्या माहेरची अहिराणी बाहेर यायची. "पाठमोऱ्या मानूससंगे कोन बोलस रे भाऊ?" मी म्हटलं, अम्माऊस गावाच्या वाटेवर ते दोघं शिष्य मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूबरोबर कोसभर चालले तरी त्यांनी तोंड ओळखलं नाही. तुम्ही म्हणालात, भाकर मोडताना ओळखलं ना? मग तोंड होतंच, यांनाच बघता आलं नाही. तुमचं पटलं, पण पटलं म्हणून हात हलत नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही फोनवर विचारलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, काढलाय. वाद टळला म्हणून जीव भांड्यात पडला. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. टॅबवर दर चित्रात मी एक लेअर करायचो, तिला 'चेहरा' असं नाव द्यायचो, आणि ती रिकामी ठेवून फाइल बंद करायचो. मंडळीत कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांना उलट बरंच वाटलं असणार, भानगड मिटली. तुम्ही आपल्या कडेकडेचं बघून दाद द्यायचात. कोपऱ्यातला कुत्रा झकास, त्या बाईच्या हातातला विळा बरोबर धरलाय. मग मी कोपरे जास्त मन लावून करायला लागलो. लाच म्हणा हवं तर.

मला त्याचा राग यायचा, हेही सांगतो. तुमचा यायचा. म्हणायचो, स्वतःला दिसत नाही तर कशाला हा हट्ट? एकदा फोन ठेवल्यावर मी हे मोठ्यानं बोललो आणि दुकानातल्या पोरांनी वळून पाहिलं. आता वाटतं, जिला नातवंडांचीसुद्धा तोंडं दिसेनाशी झाली होती, तिनंच हट्ट धरायचा नाही तर कुणी? हे कळायला तुम्हाला जावं लागलं. मंद आहे मी, तुमचं निदान जुनंच आहे.

जळगावच्या दवाखान्यात त्या सोमवारी मी संध्याकाळी आलो होतो. तुमच्या छातीत पाणी झालेलं, बोलताना तुम्हाला धाप लागत होती. मी पलंगाशी बसलो तर तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "सुहास, एवढी चित्रं काढलीस. चेहरा सगळ्यांत एकच ठेवलास ना? पोरांचा गोंधळ होतो नाहीतर."

मी म्हटलं, "हो अक्का, एकच आहे."

"बरं केलंस," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेल्याचा फोन आला. तेव्हापासून माझं सगळं त्या एका वाक्यापाशी अडलंय. बाकी कशाचं मला फार काही वाटत नाही. तुम्ही भरपूर जगलात, शेवट लांबला नाही, मंडळी झाडून आली, तुमची आवडती गीतं झाली. पण जन्मभर ज्या बाईनं मला शिकवलं तिला मी शेवटच्या संध्याकाळी फसवून पाठवलं. तुम्ही तिकडं पोहोचून म्हणत असाल, सुहासनं काढलेला बघितलाय मी, ओळखीन. आणि बघितलेलं तर काहीच नाही.

गेल्या रविवारी मी चित्र लावलं नाही. टीव्ही बंदच ठेवला. उपासना संपल्यावर वायर गुंडाळत होतो तर रूथबाई आल्या. त्या शुक्रवारनंतर त्या पहिल्या बाकावर तुमच्याशेजारी बसायला लागल्या होत्या, टीव्हीवर काय आहे ते तुमच्या कानात सांगायला. विचारलं, आज चित्र का नाही? मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, दवाखान्यातलंसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, चेहरा नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं, भाऊ. अक्कांना कोणी सांगितलं नाही एवढंच.

मी म्हटलं, त्या तुम्हालाही विचारत असतील.

"दर रविवारी. आज आहे का, म्हणून. मी म्हणायचे, आहे. कसा आहे, म्हणायच्या."

"मग काय सांगायचात?"

"दमलेला आहे, पण रागावलेला नाही. गालावर डाव्या अंगाला तीळ आहे. तुमच्याकडे बघतोय. मग त्या पदर नीट करून ताठ बसायच्या."

तीळ ऐकला आणि मी वायर खाली ठेवली. तो तीळ मी काढलेला होता, एकदाच. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. खाली बघत म्हणाल्या की मला दुसरं काही रचता आलं नाही, भाऊ. चेहऱ्याचं तुमचं एकच चित्र माझ्या ध्यानात होतं. तेच सांगत गेले. आधी जड गेलं, मग सवय झाली. तुमच्या चित्रात त्याची मान खाली होती, तेवढे डोळे मी माझ्या मनानं वर केले.

अक्का, दीड वर्ष ती बाई तुमच्या कानात स्वतःच्या नवऱ्याचं तोंड सांगत होती. ज्यानं तिला टाकलं त्याचं. आणि मी इथं एका चित्रानं पोळलो म्हणून हात खिशात घालून बसलो होतो. चर्चमध्ये, बाकावर बसून, लहान पोरासारखा रडलो मी. या खेपेला शिंक नव्हती. रूथबाई पाणी घेऊन आल्या आणि मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

मी विचारलं, तो चेहरा पुन्हा काढला तर चालेल का? त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाल्या, काढा, पण या वेळी मला आधी दाखवा.

तर आज शनिवार आहे. फोन आला नाही, पाठ मीच उघडून बघितला. मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरचा आहे. घर आपल्याकडचंच केलंय, मातीच्या धाब्याचं, मार्था चुलीपुढे वैतागलेली, मरीया खाली बसलेली, आणि खाटेवर प्रभू. दुपारभर त्याच एका लेअरवर होतो. पहिल्या चार वेळा पुसला. पाचव्यांदा तोच माणूस आला, टॉवेलसकट, तिळासकट. रूथबाईंना फोनवर पाठवला. बराच वेळ काही उत्तर आलं नाही, मला वाटलं झालं, पुन्हा दुखावलं मी त्यांना. मग त्यांचा निरोप आला. चेहरा बरोबर आहे, तुम्ही मान पुन्हा खाली काढलीत. मी अक्कांना सांगितलं होतं, तो तुमच्याकडे बघतोय.

डोळे वर केलेत, अक्का. डावा जरा मोठा झालाय, पण असू दे. उद्या सकाळी लावतो. सोमवारी मी तुमच्याशी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. रूथबाईंनी जे सांगितलं ते उद्या खरं होईल.